शनिवारचं टिश्यू सोमवारी एम्बेड करायचं असेल, तर मधल्या वेळात ते ठेवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली एक लहान हिस्टोपॅथॉलॉजी लॅब, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे (टिश्यू) सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता टिश्यू प्रोसेसर लावतात, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढून त्यात मेण मुरवणारं मशीन. १४ तासांचा प्रोग्रॅम रविवारी सकाळी ७ वाजता संपतो. रविवारी लॅब बंद असते, त्यामुळे सोमवारी सकाळी ९ वाजता एम्बेडिंगला, म्हणजे टिश्यू साच्यात ठेवून मेणाचा ब्लॉक करायला, हात लागतो. तोवर टिश्यूच्या जाळीदार डब्यांची (कॅसेटची) बास्केट दुसऱ्या वॅक्स बाथमध्येच, म्हणजे गरम मेणाच्या भांड्यात, बुडालेली असते. सोमवारचे ब्लॉक कापताना एंडोस्कोपी बायोप्सीचा आणि लिम्फ नोडचा भुगा पडतो. एम्बेडिंगला किती उशीर चालतो, आणि कॅसेट मेणातून काढून थंड करून ठेवल्या तर टिश्यू खराब होतं का, असं विचारलं आहे.

उशीर किती तासांचा, हे मी आधी बघत नाही. त्या वेळात टिश्यू कशात होतं आणि किती तापमानाला होतं, ते आधी बघतो. तुमच्या लॅबमध्ये टिश्यू गरजेपेक्षा २६ तास जास्त गरम मेणात राहतं आणि तुमचा त्रास तिथूनच सुरू होतो. तेच २६ तास थंड, गोठलेल्या मेणात गेले असते तर कटिंगला काही फरक जाणवला नसता. फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू टिकवणारं द्रावण) गेले असते तरी एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगासाठी चाललं असतं. झायलीनमध्ये (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं द्रावण) गेले असते, तर मात्र आजच्यापेक्षा वाईट ब्लॉक हातात आले असते.

प्रत्येक टप्प्यावर थांबण्याचा परिणाम वेगळा असतो. न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टिश्यू एक-दोन दिवस जास्त राहिलं तर सहसा बिघडत नाही. ७०% अल्कोहोलमध्येही बराच वेळ निभतं, कारण त्यात अजून ३०% पाणी असतं. अल्कोहोल ९५% च्या वर गेलं की टिश्यूतलं उरलंसुरलं पाणीही खेचलं जातं आणि टिश्यू आकसून कडक व्हायला लागतं. झायलीन त्याहून वाईट. सुट्टीभर झायलीनमध्ये पडलेली बायोप्सी चिमट्यात धरली की ठिसूळ लागते, आणि पुढे कितीही चांगलं मेण वापरा, ती सुधारत नाही. गरम मेणात नुकसान सावकाश होतं, पण आधीच पूर्ण निर्जल झालेल्या टिश्यूला सतत उष्णता मिळत राहिली की कोलॅजन आकसतं, प्रथिनं कडक होतात. मेण मुरून गोठलेलं टिश्यू मात्र सुखरूप असतं. त्यात पाणी नाही, झायलीन नाही, उष्णता नाही. कपाटात वर्षानुवर्षं टिकणारा ब्लॉक असतो तो याच अवस्थेत.

गरम मेणात किती तास चालतात याचा एकच आकडा सांगता येत नाही. टिश्यू कोणतं, तुकडा केवढा आणि मेणाचं खरं तापमान किती, यावर ते ठरतं. लायपोमा, ओमेंटम, चरबीचं ब्रेस्ट टिश्यू रात्रभर जास्त राहिलं तरी सहन करतं. गर्भाशयाचा स्नायू चिवट होतो, पण कापता येतो. लिम्फ नोड, प्लीहा, यकृत, मेंदू, कोलॉइडने भरलेला थायरॉइड आणि रक्ताच्या गुठळ्या यांना पटकन तडे जातात. सगळ्यात नाजूक म्हणजे २-३ मिलिमीटरच्या एंडोस्कोपी आणि ट्रू-कट (सुईने घेतलेल्या) बायोप्सी. १४ तासांचा प्रोग्रॅम मुळातच त्यांच्यासाठी जास्त आहे. त्यावर २६ तासांची भर म्हणजे भुगा होणारच.

म्हणून सोमवारी पहिलं काम करा ते थर्मामीटरचं. प्रोसेसरच्या नॉबवर ६० लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका. काचेचा थर्मामीटर मेणाच्या मधोमध, बाथच्या भिंतीला टेकू न देता ५ मिनिटं धरा. मेण ५८-६० अंशांचं असेल तर बाथ ६१-६२ अंशांवर पुरेसा आहे, म्हणजे वितळबिंदूपेक्षा २-३ अंश वर. मेण लवकर वितळावं म्हणून कुणीतरी नॉब फिरवतं आणि परत खाली आणायचं राहून जातं. मग बाथ ६६-६८ वर चालतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तसं असेल तर रविवार मधे नसलेल्या दिवशीही तुमच्या बायोप्सी कडकच येत असणार. आठवड्यातले बाकीचे ब्लॉक याच नजरेने एकदा तपासा. शिवाय पॉलिमर घातलेलं मेण फार तापलं की त्यातला पॉलिमरही बिघडतो, आणि रिबन, म्हणजे कापताना निघणारी पातळ सेक्शनची पट्टी, सलग येत नाही.

दुसरी खात्री म्हणजे हे टिश्यू खरोखर जास्त प्रोसेस झालंय की कमी. दोन्हीत कटिंग बिघडतं, पण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. जास्त प्रोसेस झालेलं टिश्यू ब्लॉकच्या पृष्ठभागावर काचेसारखं चकचकीत दिसतं, नखाला टणक लागतं, ब्लेडखाली कर्र आवाज येतो. स्लाइडवर तळ्यातला गाळ वाळून भेगाळावा तशा बारीक भेगा दिसतात. कमी प्रोसेस झालेलं टिश्यू मधोमध मऊ आणि खचलेलं असतं, बोटाने दाबलं तर दबतं, आणि ब्लॉक ट्रिम करताना झायलीनचा वास येतो. चरबीचं ब्रेस्ट टिश्यू असं मऊ निघालं की काही जण पुढच्या वेळी ते गरम मेणात जास्त ठेवतात. त्याचा उपयोग नाही. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी आणि पाणी निघालंच नसेल तर मेण आत शिरायला जागाच नसते. तिथे ग्रॉसिंगलाच, म्हणजे नमुन्यातून तुकडे निवडून कापतानाच, तुकडा ३ मिलिमीटरपेक्षा जाड न कापणं हा खरा इलाज.

आता उपायाकडे. माझी पहिली पसंती नेहमी प्रोसेसर उशिरा सुरू करण्याला असते. बहुतेक कॅरोसेल प्रोसेसरला (बास्केट एका बीकरमधून दुसऱ्यात नेणारं मशीन) डिलेड स्टार्ट असतो, पण कित्येक लॅबमध्ये ते बटण कुणी दाबलेलंच नसतं. १० बीकर आणि २ वॅक्स बाथच्या मशीनवर तुमचे १४ तास साधारण असे बसतात: पहिला बीकर फॉर्मॅलिनचा, त्याचा वेळ यात धरलेला नाही. मग ७०% आणि ८०% अल्कोहोल प्रत्येकी १ तास, ९५% चे दोन बीकर प्रत्येकी १ तास, ॲब्सोल्यूटचे तीन बीकर १, दीड आणि दीड तास, असे ८ तास. झायलीन १ आणि दीड तास, म्हणजे साडेदहा. मेण दीड आणि २ तास, म्हणजे १४. सोमवारी सकाळी ८ वाजता बास्केट बाहेर हवी असेल तर मशीनने ७०% अल्कोहोलमध्ये रविवारी संध्याकाळी ६ वाजता जायला हवं. शनिवारी ५ वाजता बास्केट लावली, तर मधले २५ तास ती पहिल्या बीकरमध्ये फॉर्मॅलिनमध्ये राहील. काही बिघडत नाही.

यात दोन अटी मात्र कडक पाळाव्या लागतात. पहिली ब्रेस्टच्या नमुन्यांची. ईआर, पीआर आणि हर-टू (ब्रेस्ट कॅन्सरचा उपचार ठरवणाऱ्या चाचण्या) करायचं असेल तर अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी आणि कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या सूचनांप्रमाणे फॉर्मॅलिनमधला एकूण वेळ ६ ते ७२ तासांत हवा. ही मोजणी लॅबमध्ये बरणी आल्यापासून नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये पडल्यापासून. समजा गडहिंग्लजहून एक लम्पेक्टमी (ब्रेस्टमधली काढलेली गाठ) आली आणि ती शुक्रवारी दुपारी २ वाजता फॉर्मॅलिनमध्ये गेली होती. रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत ५२ तास होतात, चालेल. तीच गुरुवारी संध्याकाळी ५ वाजताची असेल तर ७३ तास होतात. तो नमुना या बॅचमध्ये ठेवायचा नाही, शुक्रवारच्या रात्रीच लावायचा. म्हणून पाठवणाऱ्या हॉस्पिटलकडून चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यायची सवय लावा.

दुसरी अट फॉर्मॅलिनच्या दर्जाची. नळाच्या पाण्यात पातळ केलेलं फॉर्मॅलिन काही दिवसांत आम्लधर्मी होतं, आणि रक्ताळ टिश्यूत तपकिरी-काळे दाणे पडतात. जितका वेळ जास्त तितके दाणे जास्त. टिश्यू थांबवून ठेवायचं असेल तर बफर हवाच: बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. गारगोटी, राधानगरी, चंदगडहून नमुने येत असतील तर बरण्या आपणच भरून पाठवलेल्या बऱ्या. फॉर्मॅलिन टिश्यूच्या किमान दहापट हवं.

बायोप्सी या बॅचमधून बाजूलाच काढा. ज्यांचं ६ तासांचं फिक्सेशन (फॉर्मॅलिनमध्ये पक्कं होणं) झालंय त्या शनिवारी सकाळीच लहान प्रोग्रॅमवर लावता येतात. ११ टप्पे प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे पावणेचार तासांच्या आत काम आटोपतं. सकाळी १० वाजता लावल्या तर दुपारी २ पर्यंत बाहेर येतात आणि संध्याकाळच्या आत ब्लॉक होतात. मोठ्या नमुन्यांसाठी मशीन ५ वाजता मोकळं असतं. अशी विभागणी केली तर तुमच्या तक्रारीतला मोठा भाग इथेच मिटेल.

डिलेड स्टार्ट नसेल किंवा मशीन आधीच सुरू झालं असेल, तर तुमचा दुसरा प्रश्न उभा राहतो. कॅसेट काढून थंड करून ठेवता येतात का? येतात. पण टिश्यूत मेण पूर्ण मुरलेलं असलं पाहिजे. झायलीन अर्धंमुर्धं आत राहिलं असेल तर थंड ठेवल्यावर ते पृष्ठभागावरून उडत राहतं आणि तिथलं टिश्यू आकसतं. यासाठी दुसऱ्या बाथमधलं मेण तपासा. एक थेंब फरशीच्या तुकड्यावर टाका. चांगलं मेण मिनिटभरात पांढरं आणि टणक होतं, नखाने टचकन सुटतं. झायलीन मिसळलेलं मेण चिकट, तेलकट राहतं आणि बोटाला माखतं. असं मेण असेल तर थंड करण्याआधी कॅसेट ताज्या मेणात आणखी तासभर ठेवा.

यासाठी रविवारी कुणालातरी अर्धा तास लॅबमध्ये यावं लागेल. बास्केट काढून मेण निथळू द्यायचं, पण कोरडं ठक्क होईपर्यंत नाही. कॅसेट स्टीलच्या पसरट भांड्यात एका थरात, झाकण वर करून मांडायच्या, आणि त्या जेमतेम बुडतील इतकं स्वच्छ वितळलेलं मेण ओतायचं. साध्या खोलीत गोठू द्यायचं. फ्रीजमध्ये ठेवू नका. वेगाने गोठलं की मेण तडकतं, आणि वर ओलही धरते. नुसत्या निथळलेल्या कॅसेट डब्यात ठेवल्या तरी एक-दोन दिवसांत बिघडत नाही, पण वरून मेण घातलं की हवा लागायचा प्रश्नच उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरातली बंद खोली दुपारी चांगलीच तापते. ५८-६० चं मेण त्याने वितळणार नाही, तरी भांडं पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, झाकून ठेवा. झाकणावर तारीख आणि बॅच नंबर.

सोमवारी घाई होते ती वितळवताना. भांडं बर्नरवर ठेवायचं नाही. खालचं मेण १०० अंशांच्या पुढे जातं तेव्हाही वरचं घट्टच असतं, आणि टिश्यू बरोबर त्या मधल्या थरात भाजून निघतं. भांडं ६२ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. पातळ थराचं भांडं तासाभरात, जाड असेल तर त्याहून जास्त वेळात वितळतं, म्हणून ८ वाजता येणाऱ्याने आल्या आल्या ते आत सरकवावं. मग कॅसेट ताज्या मेणाच्या बाथमध्ये १५ ते २० मिनिटं, आणि एका वेळी १०-१५ च एम्बेडिंगला घ्यायच्या. सगळं वितळवून दुपारपर्यंत गरम ठेवलं, तर रविवारी येऊन वाचवलेलं नुकसान सोमवारी पदरात पडतं. एकच बॅच दोन-तीनदा गोठवून वितळवणंही टाळा.

टिश्यूच्या आतलं मेण खरंच वितळलंय का, हे मोल्डमध्ये ठेवताना दिसतं. नीट वितळलेला तुकडा किंचित पारदर्शक, ओलसर दिसतो आणि गरम चिमट्यातून अलगद सुटतो. आत गोठलेला असेल तर कडेला पांढरट साय धरलेली दिसते. असा तुकडा मोल्डमध्ये ठेवून वरून गरम मेण ओतलं की दोन मेणं एकजीव होत नाहीत. ब्लॉक थंड झाल्यावर टिश्यूभोवती केसाएवढी पांढरी रेघ येते. कापताना रिबन तर निघते, पण वॉटर बाथवर पसरली की टिश्यूचा तुकडा सुटून बाजूला तरंगायला लागतो आणि मेणात त्याच आकाराचं भोक राहतं. ही रेघ दिसली तर कापायला बसू नका, ब्लॉक पुन्हा वितळवून घ्या. एल मोल्ड (एल आकाराच्या दोन पट्ट्यांचा साचा) वापरत असाल तर मोल्डही कोमट हवेत, नाहीतर हीच रेघ पुन्हा येते.

थंड करून ठेवायच्या बॅचमध्ये बारीक बायोप्सी असतीलच, तर त्या फिल्टर पेपरमध्ये गुंडाळून, ९५% अल्कोहोलच्या टप्प्यावर इओसिनचा थेंब देऊन रंगवून घ्या. पांढऱ्या मेणात पांढरा कण सोमवारी शोधत बसावं लागत नाही. स्किनच्या तुकड्याला आणि पित्ताशयाच्या भिंतीला ग्रॉसिंगच्या वेळीच शाई लावा, कारण दोनदा वितळताना तुकडे कॅसेटमध्ये फिरतात आणि कड कोणती होती ते कळत नाही.

वॅक्स बाथचा हीटर टायमरवर टाकून बास्केट आतच गोठवायची आणि सोमवारी पहाटे आपोआप वितळवायची, हा मार्गही सुचवला जातो. वेगळ्या, हाताने वापरायच्या वॅक्स बाथला तो ठीक आहे. कॅरोसेलला नको. मेण बाथच्या भिंतीलगत आधी वितळतं, मधला गड्डा उशिरा सुटतो, आणि तेवढ्यात मशीनने बास्केट उचलायचा प्रयत्न केला तर मशीनचा हात अडकतो.

वीज गेल्यावरही हेच घडतं, म्हणून ते इथेच सांगतो. प्रोसेसर मेणाच्या टप्प्यावर बंद पडला आणि मेण गोठलं, तर टिश्यूला धोका नाही. बास्केट ओढू नका. वीज आल्यावर ऑटो बंद करूनच हीटर चालू करा, मेण पूर्ण सुटल्यावर पुढचं. झायलीनमध्ये बंद पडला तर हाताने बास्केट काढून वितळलेल्या मेणात न्या. मेण गोठलेलं असेल तर ओव्हनमध्ये वितळवून घ्या, तेवढ्यासाठी इन्व्हर्टरवर एक छोटा ओव्हन चालेल अशी सोय असावी. अल्कोहोलच्या वरच्या टप्प्यांवर बंद पडला तर ७०% मध्ये परत आणून ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे बास्केट दोन बीकरच्या मधे हवेत लटकून वाळणं. तसं झालं तर पॅथॉलॉजिस्टना लगेच सांगा, गुपचूप पुढे ढकलू नका.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की रात्रीचा लांब प्रोग्रॅम मी लावत नाही. धोका पातळी ४३ फुटांची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. अशा वेळी टेक्निशियन सकाळी लॅबपर्यंत पोचेलच याचा भरवसा नसतो. तेव्हा टिश्यू फॉर्मॅलिनच्या बरणीत झाकण लावून असलेलं बरं. गणपती आणि नवरात्राच्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांनाही तेच. फरक इतकाच की ब्रेस्टचे नमुने आणि बायोप्सी सुट्टीच्या आदल्या दिवशी ब्लॉक होईपर्यंत कुणीतरी थांबायला हवं. एका रुग्णाच्या उपचाराची दिशा त्या तीन मिलिमीटरच्या तुकड्यावर ठरणार असते, आणि तो तुकडा परत मिळत नाही.

काय केलं ते रजिस्टरमध्ये लिहा: बॅच, मेणातून काढल्याची वेळ, थंड ठेवल्याचे तास, परत वितळवल्याची वेळ, बाथचं तापमान. पुढे इम्युनोचा (ईआर, पीआरसारख्या अँटीबॉडी-चाचणीचा) डाग फिका आला तर पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मागे जाऊन बघायला तीच एक जागा असते.

राहिले ते या सोमवारी आधीच कडक होऊन हातात आलेले ब्लॉक. पुन्हा प्रोसेस करून ते मऊ होणार नाहीत, त्या भानगडीत पडू नका. आधी हलकं ट्रिम करून टिश्यूचा पृष्ठभाग उघडा करा, बायोप्सी असेल तर अगदी बेताने. मग बर्फाच्या ट्रेवर ओला कापूस पसरून ब्लॉक पालथा ठेवा. बायोप्सीला २ ते ५ मिनिटं, लिम्फ नोडला १० ते १५. पाणी फक्त वरच्या थरात शिरतं, त्यामुळे भिजवल्यावर मिळतात ती थोडीच चांगली सेक्शन, मग परत भिजवायचं. जास्त वेळ ठेवलं तर टिश्यू फुगून वर येतं आणि पहिल्याच फटक्यात वाया जातं. ब्लेड नवीन, जाडी ३ मायक्रॉन, कापायच्या मशीनचं चाक सावकाश आणि एका लयीत. पहिलं सेक्शन फुगीर येतं ते सोडा, दुसऱ्यापासून उचला. बायोप्सीची हाती लागलेली प्रत्येक चांगली रिबन स्लाइडवर घेऊन ठेवा, जास्तीच्या स्लाइड न रंगवता जपून ठेवा. नंतर इम्युनो मागवलं गेलं तर तो ब्लॉक पुन्हा तितका चांगला कापला जाईलच असं नाही.